एरु बंतंद्र गेर इळसु

बेळगावकराला गोव्याला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न ‘केव्हा’ हा नसतो, ‘कुठून’ हा असतो. आंबोलीवरून, अनमोडवरून की चोर्ल्यावरून? आमच्या घरी गेली कित्येक वर्षं उत्तर एकच, चोर्ला. बहीण साखळीला दिलेली. त्यामुळे सणावाराला, बारशाला, कधी नुसत्याच फणसाच्या निमित्तानं या रस्त्यानं जाणं-येणं होतं.

जांबोटी मागे पडली की झाडी दाट होते आणि बोलणं कमी होतं. पुढे कणकुंबी. इथे माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम. इथलं पाणी पूर्वेला सौंदत्तीकडे, कूडलसंगमाकडे जातं आणि कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात पोचतं. थोडं पुढे गेलात की पावसाचा थेंब पश्चिमेची वाट धरतो, म्हादईतून अरबी समुद्राची. चोर्ला ओलांडला की रस्ता खाली वळतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर असलेले आपण अर्ध्या-पाऊण तासात केरीला पोचतो. मधे ७०० मीटरच्या आसपासची उतरण. एका वळणावर खाली अंजुण्याच्या धरणाचं पाणी दिसतं, आणि गाडीतली लहान मुलं नेमकी तिथेच पिशवी मागतात.

जाताना सगळे खुशीत असतात. परीक्षा असते ती परतीच्या चढावर. गाडीत पाच माणसं, डिकीत नारळ, फणस, आमसुलं. केरी सोडून चढ सुरू झाला की ज्याला त्याला आपली गाडी म्हातारी झाली असं वाटू लागतं. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकलाय, गाडी थरथरते, गुरगुरते, पण पुढे सरकायला तयार नाही. आपण मराठीत म्हणतो, ‘गाडी ओढत नाही.’ शेजारच्या कन्नड घरात म्हणतात, ‘गाडी एळियंगिल्ल.’ शब्द वेगळे, क्रियापद एकच. बैलाला लावलेलं क्रियापद आपण दोघांनीही इंजिनाला लावलं.

बहुतेक वेळा गाडीत काहीच बिघडलेलं नसतं. चुकलेला असतो तो गिअर.

मी शिकवतो भाषा, पण हा हिशेब कुणालाही जमेल असा आहे. आपल्या सगळ्यांच्या ओळखीची मारुती ८०० घेऊ. २०१४ साली तिचं उत्पादन थांबलं, तरी आपल्या भागात ती अजून दिसते. तिची ताकद ३७ अश्वशक्ती, पण ती इंजिन मिनिटाला ५००० फेऱ्या घेत असताना. सर्वांत जास्त ओढ, म्हणजे टॉर्क, २५०० फेऱ्यांना. माणसं-सामानासह गाडीचं वजन १००० किलो धरा. बारा मीटरला एक मीटर असा चढ आहे आणि वेग ताशी ४० किलोमीटर. नुसतं तेवढं वजन वर उचलायलाच साधारण १२ अश्वशक्ती लागतात. टायर आणि वारा मिळून आणखी दोनेक खातात. टॉप गिअरमध्ये या वेगाला इंजिन दीड हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं, आणि तिथे त्याच्याकडे देण्यासारख्या जेमतेम बारा अश्वशक्ती असतात. मग ते रडणारच. तोच वेग, तोच चढ, पण गिअर तिसरा घातला तर फेऱ्या अडीच हजारांच्या जवळ जातात आणि ताकद वीसच्या घरात. गाडी तीच, पेट्रोल तेच. इंजिनाला फक्त त्याच्या जोराच्या जागी आणून उभं केलं.

या जागेला मोटारीची माणसं पॉवर बँड म्हणतात. ओढ शिगेला पोचते तिथपासून ताकद शिगेला पोचते तिथपर्यंतचा फेऱ्यांचा पट्टा. गिअर असतात ते याचसाठी. रस्ता कसाही असो, इंजिन या पट्ट्यात राहावं. त्यात चढावर आणखी एक गोम आहे. जसजसं वर जावं तसतशी हवा विरळ होते. केरीच्या मानानं चोर्ल्याला हवा सात-आठ टक्के विरळ. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद जवळपास तेवढीच घटते. म्हणजे दमायची वेळ येते तेव्हाच श्वास कमी पडतो.

आमच्या गल्लीत एक निवृत्त बसचालक राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. घरची भाषा कन्नड, पण शिव्या अस्सल मराठीतून. गाडी शिकणाऱ्या प्रत्येक पोराला त्यांचं एकच वाक्य, ‘एरु बंतंद्र मदल गेर इळसु.’ चढ आला की आधी गिअर उतरव. यातला ‘मदल’, म्हणजे ‘आधी’, हा शब्द सगळ्यात मोलाचा. गाडी मरायला टेकल्यावर गिअर पाडून उपयोग नसतो. क्लच दाबला की तेवढा वेळ इंजिन आणि चाकं यांची फारकत असते, आणि चढावर त्या एका सेकंदातही वेग झपाट्यानं पडतो. म्हणून वळण दिसलं की वळणाच्या अलीकडे गिअर पाडायचा, आणि वळणात फक्त ओढायचं. वरचा गिअर टाकतानाही तेच. दुसऱ्यातून तिसऱ्यात गेलं की फेऱ्या एकदम तिसऱ्या हिश्श्यानं किंवा त्याहून जास्त खाली येतात. सपाटीवर २४०० ला बदललं तर चालतं. चढावर तसं केलं तर आपण थेट पट्ट्याबाहेर पडतो. तिथे इंजिनाला थोडं जास्त गाऊ द्यावं लागतं.

माझ्या भाचीला पणजीत नोकरी लागली. दर शनिवारी साखळीहून आजीला भेटायला बेळगावला यायचं, तेही स्वतः गाडी चालवत, असा तिचा हट्ट. बहिणीचा जीव वरखाली. शेवटी चार खेपा मी शेजारी बसायचं असं ठरलं. गाडी जुनी डिझेल स्विफ्ट. या १.३ लिटर इंजिनाची ओढ मोठी, १९० न्यूटन-मीटर, म्हणजे मारुती ८०० च्या तिपटीहून जास्त. पण ती मिळते २००० फेऱ्यांना. त्याच्या बऱ्याच खाली टर्बो झोपलेला असतो. पहिल्या खेपेला एका तीव्र वळणात ती तिसऱ्यातच शिरली. काटा हजाराच्या जरा वर, गाडी हुंदके देऊ लागली, मागून बसचा हॉर्न.

“मामा, पूर्ण दाबलंय तरी जात नाही हो!”

“दाबू नकोस. दुसरा घे.”

दुसरा पडला, काटा दोन हजारांच्या वर गेला आणि गाडी अशी उचलली की मागच्या सीटवरचा नारळ खाली घरंगळला. तिसऱ्या खेपेपर्यंत ती काट्याकडे बघेनाशी झाली होती. आवाजावरून हात आपोआप जात होता. अण्णांच्या काळी बहुतेक गाड्यांत हा काटा नव्हताच, सगळा कारभार कानावर.

उतारावर हाच हिशेब उलटा चालतो. हजार किलोची गाडी ७०० मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा सुटते तिच्यात वीस-बावीस लिटर गार पाण्याला उकळी येईल. काही भाग वारा आणि टायर खातात, बाकीचं ब्रेकनं खायचं की इंजिननं, हे आपण ठरवायचं. नुसत्या ब्रेकवर उतरणाऱ्या गाड्यांचा जळका वास केरीच्या अलीकडे हमखास येतो. तापलेला ब्रेक ऐन वळणावर लागेनासा होतो. उतारावर न्यूट्रल टाकून इंधन वाचवणारे महाभाग आपल्याकडे अजून आहेत. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर घालून पाय काढला की इंजिनाचं इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवायला इंधन जात राहतं. म्हणजे ब्रेकही गेला आणि बचतही.

आता स्वस्त गाड्यांतही स्वतःहून गिअर बदलणारी सोय आली आहे. २०१४ च्या सेलेरिओपासून ती आपल्या गल्लीबोळात पोचली. शहरात उत्तम. पण तिला पुढचं वळण दिसत नाही, चढ लागल्यावरच कळतो. घाटात ती हातानं चालवायच्या खुणेवर घ्यावी, असं माझं मत.

आणि समोरून कुणी चढत असेल तर? अरुंद घाटरस्त्यावर आधी वाट द्यायची ती चढणाऱ्याला, असा नियमच आहे. एकदा थांबलेला भरलेला ट्रक पुन्हा पट्ट्यात यायला काय करतो ते बघितलंय ना? पहिला गिअर, क्लचचा वास, मागे दगड घेऊन धावणारा क्लीनर. परवाच्या खेपेला भाचीनं उतरताना चोर्ल्याखालच्या वळणावर गाडी डोंगराच्या कडेला घेतली आणि दिवा मिचकावला. ट्रक दुसऱ्या गिअरात, एका सुरात, न थांबता वर निघून गेला. ड्रायव्हरनं हात वर केला. तिनंही केला.