फुगेवाल्याचे घर

गेल्या मे महिन्यात आमच्या धर्मग्रामातील मुलांचे सुट्टीतील शिबिर संपले, त्या संध्याकाळी तरुण मंडळींनी सभागृहाच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून मुलांना ‘अप’ हा कार्टूनपट दाखविला. “फादर, तुम्हीही बसा,” असा आग्रह झाला, म्हणून आम्ही मागच्या बाकावर जाऊन बसलो. हातात रविवारच्या प्रवचनाची टिपणे होती. पोरे हसतील, तोवर आपण आपले काम उरकावे, असा आमचा बेत होता.

टिपणे तशीच राहिली.

पिक्सार संस्थेचा, पीट डॉक्टर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००९ सालचा आहे. त्या वर्षीच्या कान महोत्सवाचा आरंभ याच चित्रपटाने झाला; अॅनिमेशनपटाला हा मान तेव्हा प्रथमच मिळाला. त्याच्या आरंभी सुमारे चार मिनिटांचा एक भाग आहे. त्यात कोणी एक शब्दही बोलत नाही, केवळ संगीत आहे. कार्ल हा फुगे विकणारा अबोल तरुण आणि एली ही त्याची बडबडी बालमैत्रीण, यांचे लग्न होते. दक्षिण अमेरिकेतील एका धबधब्याकाठी घर करायचे, असे एलीचे लहानपणापासूनचे स्वप्न. त्यासाठी दोघे काचेच्या बरणीत नाणी साठवतात. पण कधी गाडीचे टायर फुटते, कधी कार्लचा पाय मोडतो, कधी झाड कोसळून छप्पर जाते, आणि दर वेळी बरणी फुटते. मूल होणार नाही हे इस्पितळात कळते, तेव्हा तो खांद्यावर हात ठेवून उभा राहतो, एवढेच. ती रोज सकाळी त्याचा टाय बांधते. वर्षे जातात, टाय बदलतात, केस पांढरे होतात. अखेर तो तिकिटे काढतो, आणि एली आजारी पडून जाते.

सेमिनरीत आम्ही विवाहाचा अभ्यास केला, तो बराचसा कायद्याच्या अंगाने. १९८३ च्या धर्मसंहितेचे १०५५ वे कलम विवाहाकडे अवघ्या जीवनाची भागीदारी म्हणून पाहते. विवाहपूर्व तयारीच्या वर्गात आम्ही ते वर्षानुवर्षे समजावून सांगत आलो आहोत. त्या भागीदारीत टायही येतो, टायरही येते, हे मात्र आमच्या तोंडून कधी निघाले नाही.

पुढे म्हातारा कार्ल घराला हजारो फुगे बांधून ते उडवितो आणि धबधब्याकडे नेतो. शेवटी तर बागेची नळी खांद्यावर घेऊन तरंगते घर ओढत चालतो. (मधला बोलणाऱ्या कुत्र्यांचा आणि पाठलागाचा भाग मुलांना फार आवडला, आम्हाला तो थोडा लांबल्यासारखा वाटला.) लोक म्हणतील, केवढे हे प्रेम! आम्हाला ते ओझे वाटले. दिलेला शब्द आपण पाळला नाही, हे ऋण तो ओढत होता. मुक्कामी पोहोचल्यावर तो एलीची वही उघडतो. ‘पुढे करायच्या गोष्टी’ अशा मथळ्यानंतरची पाने कोरी असतील, असे त्याने आयुष्यभर धरलेले. तिथे तिने दोघांच्या संसाराची छायाचित्रे चिकटविलेली असतात. तिच्या लेखी साहस तेव्हाच पूर्ण झाले होते. त्यानंतरच तो सामान बाहेर फेकून घर हलके करतो, आणि संकटात सापडलेल्या रसेल नावाच्या मुलाच्या मदतीला धावतो.

इथे आम्हाला आमचे बाबा आठवले. आई २०११ साली गेली. दाराजवळच्या खिळ्याला तिची छत्री पाच वर्षे तशीच लटकत होती. एकदा पावसात आलेल्या पाहुण्याला आम्ही ती दिली, तर बाबा दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. आम्ही त्यांना पुनरुत्थानावर बरेच काही सुनावले. ते शांतपणे म्हणाले, “तू शेकडो लग्ने लावलीस बाळा, एकही केले नाहीस.” आणखी एकदा, कशावरून कोण जाणे, “तिची वेलांकणी राहिली,” असे ते पुटपुटले. पैसे जमायचे आणि विहिरीच्या मोटारीला, बहिणीच्या लग्नाला, आमच्या गुरुदीक्षेच्या समारंभाला जायचे, हे आम्हाला ठाऊक होते. तरी आम्ही उत्तरलो, “वांद्र्याला तर दर वर्षी जात होती ना? माउली एकच.” ते सिद्धांताच्या दृष्टीने अगदी बरोबर होते. बाबा २०१६ साली गेले. आईला त्या राहिलेल्या यात्रेचे खरोखर काय वाटत होते, हे आम्ही त्यांना विचारले नाही; कदाचित तेही तिला कधी विचारू शकले नसतील.

रसेलचे वडील घरी नसतात. ते दोघे पूर्वी आइस्क्रीम खात रस्त्याच्या कडेला बसून जाणाऱ्या मोटारी मोजत. असल्या कंटाळवाण्या गोष्टीच आपल्याला जास्त आठवतात, असे तो मुलगा सांगतो. शेवटी कार्ल त्याच्याशेजारी तसाच बसतो, मोटारी मोजत.

दिवे लागले. मुले चादर उतरवू लागली. नातवाला घेऊन आलेले एक वयस्क गृहस्थ आमच्या शेजारी होते. त्यांनी चष्मा पुसला. चहा घेऊन जा, असे आम्ही म्हटले, तर नातवाचा हात धरून घाईने उठले. “नको फादर. ती जेवायची थांबली असेल.”