वाय-फाय नाही, वाळवण आहे!

दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या लोअर परळच्या ऑफिसात पिझ्झा असतो. ऑफिस म्हणजे आमच्या मालकीचं नव्हे हं, कोवर्किंग स्पेस! बीन बॅग्ज, फुकट कॉफी आणि आजूबाजूला जग बदलायला निघालेली मंडळी. कुणी कचऱ्यातून बदलतंय, कुणी शाळेतून. आम्ही पापडातून. कोकणातल्या बचत गटांचा माल थेट मुंबई-पुण्याच्या किचनमध्ये पोचवायचा, हा आमचा फंडा. आयडिया सही होती, प्रेझेंटेशन तर त्याहून सही. चौदा महिन्यांत एकच गोष्ट जमली नव्हती, ती म्हणजे पापड विकणं. आणि तीन खुर्च्यांचं भाडं, महिना 24,000 रुपये, एक तारखेला पुन्हा भरायचं होतं.

म्हणून मे महिन्यातल्या एका गुरुवारी मी आणि माझा पार्टनर (बिझनेसमधला, उगाच डोळे मिचकावू नका) पालीला निघालो. निदान पाच गट जोडायचे, नाहीतर दुकान बंद, असं ठरवूनच.

पनवेल सोडलं, कर्नाळ्याचा सुळका मागे पडला की गोवा हायवेवर तारा नावाचं गाव लागतं. एरवी आपण वडापावच्या नादात ते बघतही नाही. इथे युसूफ मेहेरअली सेंटर आहे. 'क्विट इंडिया' ही घोषणा देणारे, 1942 साली मुंबईचे महापौर झालेले युसूफ मेहेरअली, त्यांच्या नावाचं. 1961 साली स्थापन झालेल्या या संस्थेमागे उभे होते डॉ. जी. जी. परीख. 2 ऑक्टोबर 2025 ला, वयाच्या शंभरीत ते गेले. तेलघाणी, साबण, मातीकाम, शाळा, दवाखाना असे उद्योग आणि सेवा एकाच छत्राखाली. आम्ही साबणाच्या चार वड्या घेतल्या. पार्टनर म्हणाला, "हे लोक आपल्या आधी साठ वर्षं सोशल आंत्रप्रेनर होते, फक्त कुणी त्यांना सांगितलं नव्हतं."

खरंच, शब्द नवे आहेत. 'कोवर्किंग' हा शब्द 2005 साली सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्गनं रूढ केला. त्याच वर्षी लंडनच्या इस्लिंग्टनमध्ये सामाजिक उद्योजकांसाठी पहिलं 'हब' उघडलं, आजच्या इम्पॅक्ट हबचं ते मूळ. मुंबईत 2007 साली सुरू झालेल्या 'अनलिमिटेड इंडिया'नं अशा नवख्या उद्योजकांना पहिलं भांडवल आणि मार्गदर्शन द्यायला सुरुवात केली. सगळ्यांमागचा विचार एकच: एकेकट्यानं कुढत बसण्यापेक्षा एका छपराखाली बसा, एकमेकांना मदत होईल. आमच्या लोअर परळला छप्पर होतं. मदतीचं विचाराल तर चौदा महिन्यांत बाजूच्या टेबलवाल्याचं आडनावही मला कळलं नव्हतं.

पेण, वडखळ, नागोठणे आणि मग वाकण फाट्याला डावीकडे. थोड्याच वेळात सरसगड दिसतो आणि त्याच्या पायथ्याशी पाली. सुधागड तालुक्याचं हे मुख्य गाव, पूर्वी भोर संस्थानात होतं. आधी मागच्या धुंडीविनायकाचं दर्शन, मग बल्लाळेश्वराचं, हा इथला रिवाज. आवारातली मोठी घंटा युरोपात ओतलेली. वसईच्या 1739 च्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी ती इथे दिली असं सांगतात.

अष्टविनायकांत भक्ताच्या नावानं ओळखला जाणारा हा एकच गणपती. गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. कल्याण शेठजींचा मुलगा बल्लाळ गावातली पोरं जमवून रानात दगडाचा गणपती पुजायचा. पोरं घरीच येईनात, तेव्हा लोकांनी तक्रार केली आणि बापानं बल्लाळला झोडपून झाडाला बांधलं. नोकरी सोडून स्टार्टअप काढणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट पाठ करावी. मी तर त्याच रात्री बाबांना फोन करून ऐकवली. ते म्हणाले, "त्याला गणपती पावला. तुला कोण पावलंय?"

देवळाबाहेरच्या दुकानांत पोह्याचे पापड, मिरगुंडं, कुरडया, कोकम, कडवे वाल यांच्या राशी. एका दुकानदारानं पत्ता दिला आणि आम्ही एका जुन्या घराच्या पडवीत पोचलो. अकरा बायका. कुणी पीठ कुटतंय, कुणी लाट्या करतंय, कुणी लाटतंय. अंगणभर साड्या अंथरलेल्या, त्यांवर पापड. एक पोरगी कावळे हाकलायच्या ड्युटीवर. मी लॅपटॉप उघडला. सात स्लाइड्स झाल्यावर गटाच्या अध्यक्ष काकू म्हणाल्या, "ताई, तुमच्याआधी दोघं येऊन गेले. नमुना म्हणून चार-चार किलो नेलं. फोन अजून यायचाय."

आता आली का पंचाईत! लॅपटॉप मिटला. चहा आला. मी विचारलं, "काकू, तुमची खरी अडचण काय? गिऱ्हाईक?"

"गिऱ्हाईक कशाला? संकष्टीला माल पुरत नाही. अडचण जागेची गो. हे घर आमचं नाही. मालक मुंबईला असतात. पडवी नि अंगण वापरायला दिलं त्यांनी, उपकारच. पण आता विकायला काढलंय. बंगले होणार म्हणतात. दिवाळीपर्यंतच आम्ही इथे. आणि पावसाचे चार महिने तर तसेही हात बांधून बसतो. घरोघरी एकेकीनं करायचं तर पीठ कोण कुटणार, राखण कोण करणार?"

मला एकदम लिज्जत आठवलं. तेही असंच सुरू झालं होतं. 15 मार्च 1959, गिरगावातल्या लोहाणा निवासची गच्ची, सात बायका आणि छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले 80 रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटं. पहिल्याच वर्षी पावसानं त्यांचंही काम चार महिने बंद पाडलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट नि एक स्टोव्ह आणला. वर पापड, खाली स्टोव्ह. प्रश्न खलास! तोटा झाला तरी कुणाकडे देणगी मागायची नाही, हेही त्यांनी सुरुवातीलाच ठरवलेलं.

त्या गच्चीचं आणि या पडवीचं गणित सारखंच होतं. एकटीला जे जमत नाही, त्यासाठी जागा लागते. पीठ कुटायला चार हात, कावळ्यांवर दोन डोळे, एकीचं पोर आजारी पडलं तर तिच्या वाट्याचं लाटायला दुसरी. आमचं मात्र उलटं झालं होतं. आम्ही आधी जागा घेतली आणि मग तिच्यात करायला काम शोधत बसलो.

गटातल्या एकीच्या घरामागे पडक्या गोठ्याचं जोतं होतं. वर पारदर्शक पत्रे घातले, बाजू बंद केल्या तर पावसातही वाळवण होईल. काकूंनी सुताराकडून खर्च आधीच काढून ठेवला होता: 60,000. म्हणजे आमच्या तीन खुर्च्यांचं अडीच महिन्यांचं भाडं. मी जोशात म्हणाले, "आम्ही देतो!"

काकूंनी लाटणं खाली ठेवलं. "देणगी नको. उद्या तुम्ही म्हणाल, छप्पर आमचं. माल घ्या, त्याचे आगाऊ पैसे द्या. वहीत लिहू."

पार्टनरनं माझ्याकडे पाहिलं. वहीत लिहिणं म्हणजे आता माल विकावाच लागणार. सात स्लाइड्समध्ये ही रिस्क कुठेच नव्हती. परतताना खोपोलीपर्यंत आम्ही दोघं गप्प होतो. मग तो म्हणाला, "खुर्च्या सोडूया."

सोडल्या. आता पार्टनर घरून काम करतो, मी दर गुरुवारी पालीला असते. पडवीच्या एका कोपऱ्यात मला पाट मिळाला आहे. मोबाइलला रेंज अंगणातल्या तुळशीपाशीच येते, त्यामुळे क्लायंटशी बोलताना कावळेही मीच हाकलते. आगाऊ पैशांपैकी 18,000 चा माल विकला गेलाय, बाकीचा विकायचाय. पत्रे बसलेत. पहिला मोठा पाऊस अजून यायचाय. त्या दिवशी आत थेंब पडला तर वहीतलं कर्ज फिटायला वर्ष लागेल, हे अकरा जणींनाही ठाऊक आहे आणि आम्हालाही.

दुपारी जेवायला सगळ्या गोल बसतात. बारा जणींची आडनावं मला पाठ आहेत.

कसं जाल: मुंबईहून पनवेल, पेण, नागोठणे, वाकण फाटामार्गे, किंवा एक्स्प्रेसवेनं खोपोलीला उतरून पाली रस्त्यानं. पनवेलहून एसटीही आहे. जवळच उन्हेरेचे गरम पाण्याचे झरे. माघी गणेशोत्सव आणि अंगारकीला तुफान गर्दी, शांतता हवी तर आडवारी जा. आणि येताना पोह्याचे पापड घ्या. कुणाकडूनही घ्या, पण पैसे देऊन घ्या. नमुना मागू नका.