"ती काय औषध आहे? ती तर दुखायची गोळी!"

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात साठी ओलांडलेलं माणूस आहे आणि त्याचे गुडघे दुखतात, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

मागच्या उन्हाळ्यात आईच्या पायांवर सूज आली. जेवण जाईना, सारखी मळमळ. आम्हाला वाटलं, ऊन बाधलं असेल. आठवडाभर घरातच काढला आणि मग जिल्ह्याच्या गावी नेलं. रक्त तपासलं. क्रिएटिनिन २.४ आलं. वर्षापूर्वीच्या रिपोर्टात ते १.१ होतं. म्हणजे किडनीचं काम बिघडलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कोणकोणती औषधं चालू आहेत?"

"बीपीची एक, साखरेची एक."

"अजून काही?"

"काही नाही बघा."

मी शेजारीच बसलो होतो. मीही मान हलवली. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "गुडघे दुखतात का हो?"

"दुखतात की. चार वर्षं झाली."

"मग काय करता?"

"गोळी घेते."

"कधी कधी, की रोज?"

"रोज एक. काम जास्त असलं की दोन."

"मग मघाशी का नाही सांगितलं?"

त्यावर आई अगदी सरळ म्हणाली, "अहो, ती काय औषध आहे? ती तर दुखायची गोळी!"

ती गोळी तिला कोण आणून देत होतं? मीच. दर पंधरा दिवसांनी, ऑफिसातून येताना. मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी कधी मागितली नाही आणि मीही कधी दिली नाही. डायक्लोफिनॅकची ती स्ट्रिप. तिच्या कोपऱ्यात 'आरएक्स' असं लिहिलेलं असतं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही. ते मी वाचलं नव्हतं असं नाही. वाचून खिशात टाकलं होतं.

आणि मी पत्रकार माणूस. आता खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट सांगतो. २००६ साली केंद्र सरकारनं जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. हे इंजेक्शन दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की गिधाडांच्या किडन्या निकामी व्हायच्या. २००४ मध्ये संशोधकांनी ते सिद्ध केलं, तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती. मी तेव्हा नवा वार्ताहर होतो. आपल्या माळावरची गिधाडं कुठं गेली, यावर मी मोठ्या हौसेनं बातमी केली होती. तेच औषध मी चार वर्षं घरी नेत होतो आणि एकदाही डोक्यात आलं नाही.

आता घाबरवायचं म्हणून हे लिहीत नाही. माणूस म्हणजे गिधाड नाही. डॉक्टरांनीही हेच सांगितलं. धडधाकट माणसानं दात दुखला म्हणून दोन-तीन दिवस, डॉक्टरांना विचारून, ही गोळी घेतली तर सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते वय, रोजची सवय आणि सोबतची औषधं एकत्र आली की. आपल्या अंगातली काही रसायनं दुखणं आणि सूज वाढवतात, आणि तीच रसायनं किडनीकडं जाणारा रक्तपुरवठा चालू ठेवायलाही मदत करतात. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ह्या गोळ्या त्या रसायनांना अडवतात. दुखणं थांबतं, पण किडनीकडचं रक्तही कमी होतं. आईच्या बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन होतं आणि लघवी वाढवणारं औषधही होतं. ही तिन्ही एकत्र आली की किडनीवर ताण येतो. वरून उन्हाळा. दिवसभर शेतात आणि पाणी पिणं नावाला. शिवाय ह्या गोळ्यांनी बीपीही वाढतं, आणि पोटात अल्सर होऊन रक्त जाऊ शकतं. शौचाला डांबरासारखी काळी झाली तर तो रक्तस्राव असू शकतो. तेव्हा थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

परत येताना गाडीत मी आईला विचारलं, "तुला खरंच ते औषध वाटत नव्हतं का गं?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर बंद केली असती. मग सकाळी मी उठले कशी असते?"

ह्या एका वाक्यात सगळं आलं. गोळी लपवली जाते ती अडाणीपणामुळं नाही. दुखणं खरं असतं, कामं थांबत नाहीत आणि दुसरा मार्ग कुणी सांगितलेला नसतो. आपल्याकडं कापूस वेचणीला निघताना पदराच्या गाठीला गोळी बांधून नेणाऱ्या बाया मी पाहिल्यात. वेचणी किलोवर असते, कंबर धरून बसलं तर मजुरी बुडते. त्यांना "गोळी घेऊ नका" एवढंच सांगणं म्हणजे उपदेश झाला.

दुसऱ्या बाजूला डॉक्टर. सकाळी ओपीडीत सत्तर माणसं रांगेत. एकाला तीन मिनिटं. आपण आत जाऊन म्हणतो, "लई दुखतंय, सुई द्या." सुई मिळते, आपण बाहेर. दोघंही घाईत, आणि जे बोलायला हवं होतं ते राहून जातं.

म्हणून पुढच्या वेळी आम्ही तयारी करून गेलो. जे केलं ते लिहितो, तुम्हालाही उपयोग होईल.

१. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून नेल्या. बीपीची, साखरेची, दुखायची, सर्दीची, मळम, काढा, कुणी दिलेली पुडीसुद्धा. दुखण्याच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याच्या घटना आहेत, म्हणून पुडी लपवू नका. आणि मेडिकलमधून सुट्या गोळ्या घेताना नाव कापलं जातं, तेव्हा अख्ख्या स्ट्रिपचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

२. आत गेल्यावर पहिलंच वाक्य हे: "डॉक्टर, मी दुखायची गोळी रोज घेते, चार वर्षं झाली." आधी ते, मग बाकीचं.

३. "लई दुखतं" याऐवजी काय जमत नाही ते सांगितलं. आई म्हणाली, "रात्री लघवीला उठताना गुडघा धरतो. जिना उतरता येत नाही. बसलं की उठवत नाही." यावरून डॉक्टरांना उपाय ठरवता येतो.

४. चार प्रश्न कागदावर लिहून नेले. ही गोळी माझ्या बीपीच्या आणि साखरेच्या गोळीबरोबर चालते का? जास्तीत जास्त किती आणि किती दिवस? काय झालं की बंद करून तुमच्याकडं यायचं? गोळीशिवाय दुसरं काय करता येईल?

५. पॅरासिटामॉलबद्दल वेगळं विचारलं. मर्यादेत घेतलं तर ते किडनीला त्यातल्या त्यात बरं, पण जास्त झालं तर लिव्हरला घातक. धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही, म्हातारं, अशक्त किंवा दारू घेणारं माणूस असेल तर त्याहून कमी, किती ते डॉक्टर सांगतील. सर्दीच्या आणि दुखण्याच्या बऱ्याच गोळ्यांत ते आधीच असतं, म्हणून नकळत दुप्पट पोटात जातं.

चौथ्या प्रश्नाला उत्तर मिळेल असं आईला वाटलंच नव्हतं. मिळालं. मांडीचे व्यायाम, लावायचं मळम, हातात काठी, संडासात उंच खुर्ची, गरज पडली तरच पॅरासिटामॉल. बीपीची गोळी डॉक्टरांनी बदलली. ती आपल्या मनानं बंद करायची नाही, हेही बजावलं. खुर्चीनं सगळ्यात जास्त फरक पडला. चार वर्षं मी गोळ्या आणत होतो, एक खुर्ची आणायचं सुचलं नाही.

आईचं क्रिएटिनिन आता १.५ वर आहे. पहिल्यासारखं १.१ होईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. दर तीन महिन्यांनी तपासायचं. गुडघे अजून दुखतात, कमी. मी घरी नसलो की ती शेजारच्या पोराला मेडिकलला पाठवत असेल का, हा संशय माझ्या मनातून गेलेला नाही. पण परवा दातांच्या दवाखान्यात डॉक्टर गोळी लिहायला लागले तर आईच म्हणाली, "थांबा, माझी किडनी नाजूक आहे. कुठली लिहिताय ते आधी सांगा." डॉक्टरांनी पेन थांबवलं आणि गोळी बदलली. रागावले वगैरे काही नाहीत.

आज रात्री एवढंच करा. आई-बापाच्या उशाखालचा, देवळीतला, पानाच्या डब्यातला गोळ्यांचा साठा बाहेर काढा आणि फोटो काढून ठेवा. त्यांना रागवू नका. गोळी कुणी आणून दिली, तेही जरा आठवा.