विमानाची इर्जिक

जाफराबादेत विमान दिसतं ते फक्त वर. केळना आणि धामना जिथं एकमेकींना भेटतात त्या काठावर गुरं राखणारं पोर मान वर करतं, पांढरी रेघ विरेपर्यंत बघतं आणि पुन्हा म्हशीमागं लागतं. पण वेल्डिंगच्या दुकानापुढं ट्रॅक्टरची ट्रॉली उभी राहताना पाहिली, की माझ्या मनात हटकून येतं: या हातांना विमान काय अवघड आहे?

वेडगळ वाटेल, पण आपल्या राज्यात हे घडलंय. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपात पाच मजली इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. इमारतीला लिफ्ट नाही. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशीन, एवढंच काय १८० किलोचं इंजिनसुद्धा अरुंद जिन्यातून वर गेलं. २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी ते विमान पाहिलं, २०१७मध्ये नोंदणी झाली, उड्डाणाची परवानगी मिळायला २०१९ उजाडलं आणि २०२०मध्ये ते धुळ्यात हवेत झेपावलं. वर्तमानपत्रांनी एका माणसाच्या जिद्दीची गोष्ट सांगितली. मला त्यामागचं १९ माणसांचं एकत्र कुटुंब जास्त दिसतं. घरातला पैसा आणि वर्षं गच्चीवर चढत असताना खाली रोजचा स्वयंपाक चालूच होता ना!

यादवांनी आराखड्यापासून सगळं केलं. तयार सुट्या भागांचं किट मागवलं तर वाट थोडी सोपी होते. अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३मध्ये घरी विमान बांधणाऱ्या हौशी लोकांची संघटना काढली, आणि तिथं आज गॅरेजागॅरेजांतून अशी विमानं तयार होतात. गंमत म्हणजे बऱ्याच किटांत शेपटाचा भाग आधी येतो. लहान असतो, हात बसतो, चुकलं तर नुकसान थोडं.

आणि हे काम मुळात एकट्याचं नाहीच. पंखाचा पत्रा रिबिटींनी जोडताना एकजण बाहेरून हवेची बंदूक चालवतो, दुसरा आत हात घालून पोलादी ठोकळा दाबून धरतो. दोघं एकमेकांना दिसतही नाहीत. “धर”, “धरला”, मग टर्र. रिबिटीचं आतलं डोकं तिच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि अर्ध्यापट उंच बसलं तर ठीक. ठोकळा केसभर कलला, की ड्रिलनं ते डोकं उडवून नव्यानं बसवायचं. एका विमानात असे हजारो टाके. आतला माणूस कंटाळलेला चालत नाही.

आपल्याकडं अशा कामाला इर्जिक आहे. वाफसा आलाय, एखाद्याच्या घरात अडचण आहे, की शेजारपाजारचे बैल-औतं घेऊन त्याच्या शिवारात उतरतात. मजुरीचा विषय निघत नाही. संध्याकाळी पंगत बसते. पण इर्जिक एका दिवसात उरकते, विमान वर्षानुवर्षं खातं. पहिल्या रविवारी पन्नास जण येतील, फोटो निघतील. सोयाबीन काढणीला आलं की दहा उरतील. लग्नसराईत शेडची किल्ली कुणाकडं आहे तेही कळणार नाही. त्या गळणाऱ्या माणसांना नावं ठेवू नयेत, पोट पहिलं. म्हणून मला वाटतं, अशा चमूला वैमानिकाआधी वहीवाला लागतो: आज कोणतं भोक पाडलं, कोणी तपासलं, पुढच्या रविवारी काय, हे रोजच्या रोज लिहिणारा. वही चोख असली तर महिनाभर न आलेला गडीही लाजत न लाजत परत येतो, आणि त्याला लगेच काम सापडतं. तीच वही उद्या तपासणी अधिकाऱ्यापुढं ठेवायची असते.

पैसा लागतो, कागदपत्रं तर इंजिनाहून जड. हे सगळं खरं. तरी जाफराबाद, भोकरदन, टेंभुर्णीकडच्या पोरांना माझं सांगणं आहे: इंजिनाच्या किमती नंतर काढा. आधी एक शेड बघा, अॅल्युमिनियमच्या दोन भंगार पट्ट्या आणा, जोडीनं रिबिटी मारून बघा, आणि चारदा बिघडली तरी पाचव्या रविवारी कोण कोण येतंय त्यांची नावं लिहून ठेवा.