राहून गेलेले फोन

२००८च्या जानेवारीत न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीआधी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाआधी, ज्या जनमत चाचण्या झाल्या, त्यांतल्या एकीसाठी फोन करणाऱ्यांत मी होते. डेमोक्रॅटिक बाजूला बराक ओबामा आरामात जिंकणार, असं जवळजवळ सगळ्याच चाचण्या सांगत होत्या. सरासरी काढली तर त्यांची आघाडी आठ टक्क्यांच्या आसपास होती, गॅलपच्या चाचणीत तर तेरा. ८ जानेवारीला मतं मोजली गेली आणि हिलरी क्लिंटन ३९ टक्के मतं घेऊन जिंकल्या. ओबामांना साडेछत्तीस मिळाली. या फसलेल्या अंदाजांवर नंतर पुष्कळ लिहिलं गेलं. त्यात माझा वाटा कोणता, हे मला फार उशिरा उमगलं, आणि तोवर मी पहिल्या चुकीवर दुसरी चढवून मोकळी झाले होते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तेव्हा न्यू इंग्लंडमध्ये राहत होतो. पुण्यात संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेलं, नोकरी करायची परवानगी हातात, म्हणून एका सर्व्हे कंपनीत संध्याकाळच्या शिफ्टला लागले. आधी नुसते फोन करायचे, पुढे शिफ्टची देखरेखही माझ्याकडे आली. कानाला हेडसेट, समोर पडद्यावर प्रश्नावली. फोन ठेवला की कोड टाकायचा: उचलला नाही, बिझी, मशीन लागलं, नकार, नंतर करा, पूर्ण. यातलं 'नंतर करा' म्हणजे कॉलबॅक. न उचललेले आणि कॉलबॅकचे नंबर वेगवेगळ्या वेळी पुन्हा पुन्हा लावायचे, ते पुरते संपल्याशिवाय नव्या नंबरांना हात घालायचा नाही, असा नियम. हा नियम मला नोकरीत कोणी शिकवावा लागला नाही. नमुना कितीही नीट निवडा, त्यातले जे सहज सापडतात तेवढ्यांनाच विचारून थांबलात तर तो नमुना राहत नाही, हे मी परीक्षेत लिहून आले होते.

त्या वर्षी आयोवाचे कॉकस (पक्षसभांतून होणारी तशीच निवड) ३ जानेवारीला, गुरुवारी झाले. ओबामा तिथे जिंकले आणि क्लिंटन तिसऱ्या क्रमांकावर गेल्या. न्यू हॅम्पशायरचं मतदान लगेच पुढच्या मंगळवारी. म्हणजे आयोवानंतर लोकांचं मन काय म्हणतंय हे विचारायला शुक्रवार, शनिवार आणि रविवार, एवढेच दिवस. रविवारी रात्री आकडे जायलाच हवे होते. फोनरूममध्ये भिंतीवर फळा होता, त्यावर दर तासाला किती मुलाखती पूर्ण झाल्या ते लिहिलं जायचं. शनिवारी दुपारनंतर तो आकडा घसरायला लागला. जुने नंबर कोणी उचलेना. मी नव्या नंबरांचा गठ्ठा उघडायला सांगितला. मला तसं करायला कोणी भाग पाडलं नव्हतं. वरिष्ठांनी फक्त "जमेल ना?" एवढंच विचारलं होतं, आणि मला "जमेल" म्हणायचं होतं. नवे नंबर लावले की जी माणसं घरी आहेत, फुरसतीत आहेत आणि निवडणुकीवर बोलायला उत्सुक आहेत, ती पटापट हाती लागतात. फळ्यावरचा आकडा वर गेला.

त्या संध्याकाळी मीही फोन घेत होते. एका बाईंनी उचलला. मागे भांड्यांचा आवाज, कोणीतरी लहान मूल काहीतरी मागत होतं. मी प्रस्तावना वाचायला लागले तसं त्या म्हणाल्या, "आत्ता नाही हो जमणार, मी कामावर निघालेय. उद्या रात्री साडेआठला करा. करा मात्र नक्की, मला बोलायचंय." मी कोड टाकला, वेळ नोंदवली. रविवारी आठच्या सुमारास आम्हाला हव्या तेवढ्या मुलाखती झाल्या. मी यादी बंद केली आणि सगळ्यांना घरी जायला सांगितलं. साडेआठचा तो फोन झाला नाही. त्या बाईंचं मत कोणाला होतं, हे मला ठाऊक नाही. त्यांच्यासारखे कितीतरी नंबर त्या यादीत तसेच पडून होते, एवढं पक्कं ठाऊक आहे, कारण यादी बंद करण्यापूर्वी ती मी पाहिली होती.

निकालाच्या रात्री मी सुन्न होऊन टीव्हीपुढे बसले. आणि मग दुसरी चूक केली. मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात जो तो मला गाठून विचारत होता, "अगं, असं झालं कसं?" मी ठासून सांगितलं की गोऱ्या मतदारांनी फोनवर ओबामांचं नाव घेतलं आणि मत देताना हात आखडला. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभे असलेले कृष्णवर्णीय उमेदवार टॉम ब्रॅडली चाचण्यांत पुढे असूनही हरले होते. तो दाखला मी दिला. तेव्हा टीव्हीवरही हीच चर्चा होती. पण मी एवढ्यावर थांबले नाही. पुण्यातल्या एका नियतकालिकाला याच आशयाचा लेख पाठवला आणि तो छापूनही आला. जी वेळ काढून माझ्याशी प्रामाणिकपणे बोलली, त्या माणसांना मी माझ्या भाषेत, त्यांना कधीही कळणार नाही अशा ठिकाणी, खोटारडं ठरवलं. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

खरं तर दोन आकडे शेजारी ठेवले असते तरी हे कोसळलं असतं. चाचण्यांच्या सरासरीत ओबामा ३८ टक्क्यांच्या आसपास होते, मिळाली साडेछत्तीस. म्हणजे त्यांचा आकडा फारसा चुकलाच नव्हता. क्लिंटन सरासरीत ३० च्या आसपास होत्या आणि त्यांना मिळाली ३९. लोक ओबामांबद्दल खोटं बोलले असते, तर कोसळायला हवा होता ओबामांचा आकडा. कमी पडली होती ती क्लिंटन यांना मत देणारी माणसं. त्यातली काही शेवटपर्यंत ठरवू शकली नसतील, काही आमच्या हाती लागलीच नाहीत. शिवाय त्याच दिवसांत, तशाच फोनवरून रिपब्लिकन बाजूची चाचणीही चालू होती, आणि जॉन मॅकेन जिंकणार हा तिचा अंदाज बरोबर आला. आकडेवारी शिकलेल्या बाईला हे दिसायला हवं होतं. मी ते पाहिलं नाही, कारण लोकांचं खोटं हे कारण मला माझ्या कॉलबॅकच्या यादीपासून लांब नेत होतं.

अमेरिकेतल्या जनमत संशोधकांच्या संघटनेने, 'एपोर'ने, मिशिगन विद्यापीठाचे मायकेल ट्रॉगॉट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली होती. तिचा अहवाल २००९च्या मार्चमध्ये आला. एकच एक कारण समितीला सापडलं नाही. काही चाचण्या लवकर थांबल्या, त्यामुळे शेवटच्या दिवसांतला बदल निसटला असावा. मतपत्रिकेवर क्लिंटन यांचं नाव वर आणि ओबामांचं बरंच खाली होतं, त्याचाही थोडा हातभार लागला असेल. वर्णाच्या कारणावरून खोटी उत्तरं दिली गेली, याला पुरेसा आधार मिळाला नाही. आणि मग ते वाक्य आलं, जे वाचून मी अहवाल मिटून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला: ज्यांना गाठायला जास्त प्रयत्न करावे लागले, त्यांचा कल क्लिंटन यांच्याकडे अधिक दिसत होता, पण बहुतेक मुलाखती पहिल्या-दुसऱ्या फोनला सापडलेल्यांच्याच होत्या. कामगार संघटनांशी जोडलेले आणि कमी शिकलेले मतदारही चाचण्यांत कमी आले होते.

मी त्या नियतकालिकाच्या संपादकांना दुरुस्तीचं पत्र लिहिलं. विषय शिळा झाला, असं त्यांनी सौजन्याने कळवलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही बहुधा तेच केलं असतं, पण लेख वाचलेल्यांपर्यंत दुरुस्ती पोचली नाही, ती नाहीच.

आता फोनवरून माणसं गाठणं फार अवघड झालंय. प्यू संस्थेच्या फोन सर्वेक्षणांत १९९७ मध्ये शंभरातले छत्तीस प्रतिसाद देत, २०१८ मध्ये सहा. प्रायमरीआधी चाचणी आली की बातमीत अधिक-उणे चार टक्के असं छापतात. तो आकडा नमुना निवडताना होणाऱ्या योगायोगाचा असतो. ज्यांचा फोन लागला नाही त्यांच्याबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणून मी आधी पाहते की चाचणी किती दिवस चालली, मतदानाच्या किती आधी थांबली आणि एका नंबरावर किती वेळा फोन केला. शेवटचं बहुतेक वेळा छापलेलंच नसतं.

ट्रॉगॉट समितीनेही सगळ्या संस्थांकडे अशा नोंदी मागितल्या होत्या. काहींनी दिल्या, काहींनी टाळाटाळ केली. आमच्या नोंदी तिच्यापर्यंत गेल्या की नाही, मला कधी सांगितलं गेलं नाही. गेल्या असतील, तर त्या बाईंच्या नंबरापुढे समितीला शनिवारचा एक फोन दिसला असेल, 'नंतर करा' हा कोड, आणि रविवार साडेआठची मी टाकलेली वेळ. त्यापुढचा रकाना रिकामा.