दोन पाळ्या, एक माग

विट्याच्या यंत्रमागांच्या खडखडाटात आमचे बालपण गेले. घरच्या एकाच मागावर दिवसपाळी वडिलांची, रातपाळी काकांची. वाटणीवरून दोघांत अबोला होता. पण येणारा आधी कापडावरून हात फिरवी आणि दुसऱ्याने जिथे सोडले तिथूनच विणू लागे.

आज आम्ही मराठी शिकवीत असलो, तरी आमची पदविका इलेक्ट्रॉनिक्सची. प्रयोगशाळेत ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचे किट होते. त्यात यंत्रभाषेचे आकडे एकेक कळ दाबून भरावे लागत. तिथे ‘कोरूटीन’शी गाठ पडली. पंचतंत्रात गोष्टीतून गोष्ट निघते आणि आतली संपल्यावाचून बाहेरची पुढे सरकत नाही. संगणकातले ‘सबरूटीन’ तसेच: परतीचा पत्ता स्टॅकवर, म्हणजे स्मृतीतल्या चळतीवर, ठेवायचा, काम उरकायचे, माघारी यायचे. पुन्हा बोलावले की पहिल्या ओळीपासून आरंभ. कोरूटीनमध्ये मात्र कोणतीच गोष्ट दुसरीच्या पोटात नसते. दोन्ही अर्ध्यावर थांबतात आणि थांबल्या जागेपासून पुढे चालू होतात. हा शब्द मेल्विन कॉनवे यांनी १९५८ साली योजिला. त्यांचा निबंध १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

८०८५वर ही अदलाबदल तीन आज्ञांत होते. ‘पॉप एच’ने चळतीवरचा आपला पत्ता उचलायचा, ‘एक्सटीएचएल’ने तो खालच्या, दुसऱ्याच्या पत्त्याशी बदलायचा, ‘पीसीएचएल’ने तिकडे निघून जायचे. ई१, ई३, ई९: अवघे तीन बाइट. (१९७०च्या पीडीपी-११ला एकच आज्ञा पुरे.)

आमचे किट तीन संध्याकाळी गोठत राहिले. कळा वाचणाऱ्या भागाने चळतीवर एक आकडा ठेवला होता आणि तो न उचलताच पाळी सोडली होती. दुसरा भाग त्या आकड्यालाच पत्ता समजून भलतीकडे जाई.

मागाची उपमा तेव्हाच सुचली, पण ती खटकलीही. पाळी घड्याळावर बदलते. कोरूटीन आपण होऊन जागा सोडते. सुट्टीत घरी गेलो, तेव्हा नीट पाहिले. वेळ टळून गेली होती, काका दाराशी उभे होते, आणि वडील ताण्याचा तुटलेला धागा सांधीत होते. काकांनी घाई केली नाही. गाठ बसल्यावर वडील मागावरून उठले.

परतल्यावर आम्ही राहून गेलेली आज्ञा घातली. त्या एका बाइटासाठी पुढचे सारे आकडे एकेक घर सरकवून पुन्हा भरावे लागले.