शब्द काढले की गाणं कुणाचं?

मंडळी, ‘बेल्ला चाओ’ आता आपल्या पोरांनाही पाठ आहे. मालिकेमुळे म्हणा, नाहीतर रीलमुळे. दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले होते, तेव्हा याच चालीवर पंजाबी शब्दही आले.

गाणं मूळ इटलीचं. फॅसिस्ट आणि नाझी फौजांशी लढणाऱ्यांचं म्हणून ओळखलं जातं. १९६४ च्या स्पोलेतो महोत्सवानंतर ते जास्त गाजलं. घर सोडणारा पोरगा ‘येतो गं’ म्हणतो आणि मेलो तर डोंगरावर पुरा, असं सांगून जातो.

आता हेच गाणं चार फ्लूटवर बसवायचं म्हटलं तर? खालच्या पट्टीत फ्लूटचा आवाज मऊ. तिथे चाल ठेवली आणि बाकीचे वर वाजवू लागले की चाल बुडते. फार वर नेली तर लग्नाची वरात वाटते. म्हणून सुरुवात जाड आवाजाच्या आल्टो फ्लूटकडे द्यावी, बास फ्लूटने पावलांचा ठेका धरावा. लोक टाळ्या देतात तिथे जिभेने तोडलेले छोटे स्वर. लांब स्वरांवर चौघांनी आळीपाळीने श्वास घ्यायचा, म्हणजे आवाज तुटत नाही.

हे झालं तंत्र. खरी गोम पुढे आहे. शब्द गेले की चाल नुसती गोड उरते, हॉटेलात जेवताना वाजावी इतकी. तो शोक आहे की कूच, हे मांडणी करणाराच ठरवतो. आमच्या धंद्यात बातमी तीच असते, मथळा बदलला की वाचणारा वेगळंच समजतो. तसंच हे.

इटलीत २५ एप्रिलला, मुक्तिदिनी, हे गाणं होतंच. ते सगळ्यांचं की फक्त डाव्यांचं, यावर तिथे अजून भांडण आहे. पण स्वरलिपीच्या कागदावर संगीतकाराच्या जागी नाव नसतं, ‘पारंपरिक’ लिहितात. मांडणी करणाऱ्याचं नाव वेगळं, फक्त मांडणीपुरतं. मेहनत त्याची, चाल लोकांची.

म्हणून माझं मत सांगतो. मरणाचं कडवं आलं की सगळी सजावट बंद करावी. चौघांनी एकच चाल वाजवावी आणि श्वासही एकदमच घ्यावा, गर्दी घेते तसा. कानाला थोडं ओबडधोबड लागेल. लागू दे. गर्दीचं गाणं आहे ते, चौघांच्या कौशल्याचं प्रदर्शन नव्हे.

पटत नसेल तर भांडा. पण आधी त्या शब्दांचा अर्थ एकदा वाचा.